मॉर्मन मिशनरी पोरं एवढी आनंदी कशी राहतात?

बर्फाळबाई

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती आणि प्रवासवर्णनांच्याच गल्लीत असते. हा विषय कुठे टाकावा ते कळेना, म्हणून इथे काढतेय.

आम्ही जपानमध्ये साप्पोरोला राहतो. नवऱ्याचं विद्यापीठात संशोधन, माझं घरून काम. गल्लीच्या टोकाला एक आजी एकट्याच राहतात. हिवाळ्यात त्यांच्या दारातला बर्फ काढायला दोन पोरं येतात. पांढरा शर्ट, टाय, वरून जाड कोट आणि छातीवर नावाची काळी पट्टी. मॉर्मन मिशनरी, म्हणजे अमेरिकेत सुरू झालेल्या एका ख्रिस्ती पंथाचे प्रचारक. एक अमेरिकेतल्या आयडाहोचा, दुसरा जपानीच, पण पार दक्षिणेच्या कागोशिमाचा. दोघंही विशीच्या आतबाहेरचे.

साप्पोरोत एका हिवाळ्यात सगळा मिळून ५ मीटरच्या आसपास बर्फ पडतो. आकाशातून पडतो तो भुसभुशीत असतो, त्याचं काही वाटत नाही. पण रात्री रस्ता साफ करणारं यंत्र येतं आणि जाताना प्रत्येकाच्या दारात दाबलेल्या बर्फाचा बांध घालून जातं. तो सकाळपर्यंत दगड होतो. त्याच्यासाठी 'मामासान डंप' नावाचं दोन्ही हातांनी ढकलायचं रुंद अवजार मिळतं. टोक बर्फाखाली घुसवायचं, गुडघ्याने दांड्याला रेटा द्यायचा आणि भरलं की ओढत नेऊन रिकामं करायचं. आयडाहोच्या पोराला ही विद्या घरूनच येते. कागोशिमाचा आधी नुसताच घसरत होता. तो म्हणाला, "आमच्याकडे साकुराजिमा ज्वालामुखीची राख झाडावी लागते, तिच्यासाठी पालिका पिवळ्या पिशव्या देते. बर्फ बरा, निदान वितळतो तरी!" आणि दोघं खो खो हसत सुटले. उणे आठ तापमानात, सकाळी, फुकटच्या कामावर.

थोडं वाचलं त्यांच्याबद्दल. हे प्रचाराचं काम, म्हणजे त्यांचं 'मिशन', मुलांना २ वर्षं, मुलींना १८ महिने. कुठे जायचं ते आपण ठरवायचं नाही, चर्च ठरवणार. मधे घरी जाता येत नाही. सिनेमा नाही, प्रेमप्रकरण नाही, चहा-कॉफी-दारू नाही. वर खर्चही आपला आपण. आणि दिवसभर करायचं काय, तर अनोळखी लोकांशी बोलायला जायचं आणि त्यांचं गोड शब्दांतलं 'नको' ऐकायचं. जपानी माणूस दारही आपटत नाही हो, वाकून नमस्कार करून बंद करतो!

तर माझा प्रश्न असा की हा आनंद खरा असतो की शिकवलेला? खरा असेल तर रोजच्या दिवसात तो येतो कुठून? त्यांचा धर्म बरोबर की चूक यावर मला बोलायचं नाही. जवळून पाहिलेल्यांनी लिहा.

पेठकर

शिकवलेला असतो. मार्केटिंगच्या पोरांनाही शिकवतातच की, ग्राहकाने फोन आपटला तरी हसून 'आपला दिवस शुभ जावो'. तुमच्या आजींच्या दारातला बर्फ फुकट काढतात म्हणता, तो फुकट नाही. आज बर्फ, उद्या पुस्तक.

बाकी लिहिलंय छान.

युटाहवासी

ताई, विषय एकदम ओळखीचा. मी अमेरिकेत युटाहला, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला राहतो. त्यांच्या चर्चचं मुख्यालय इथलंच. ऑफिसात दर दुसरा माणूस कुठून तरी मिशन करून आलेला. आम्ही नाही त्या धर्माचे, पण शेजारपाजार सगळा तोच.

पेठकरांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. प्रशिक्षण असतंच. इथल्याच प्रोव्हो गावात मोठं केंद्र आहे, तिथे ५० हून जास्त भाषा शिकवतात. भाषा अवघड असेल तर जास्त आठवडे, इंग्रजीतच काम असेल तर कमी. पण हसायचा वर्ग काही नसतो. दिवस मात्र बांधलेला असतो. साडेसहाला उठायचं, व्यायाम, आंघोळ, नाश्ता, मग स्वतःचा अभ्यास, जोडीदाराबरोबरचा अभ्यास, परदेशात असतील तर भाषेचा अभ्यास. मग बाहेर. रात्री नऊ-साडेनऊपर्यंत घरी, दुसऱ्या दिवसाची आखणी, साडेदहाला दिवे बंद. २०१७ पासून वेळा थोड्या सैल केल्या आहेत, देशाप्रमाणे पुढेमागे करता येतात. पण चौकट तीच.

एकटं कधीच राहायचं नाही. सतत एक जोडीदार, आणि तो कोण हे मिशनचा प्रमुख ठरवतो. साधारण दर ६ आठवड्यांनी बदल्यांचा विचार होतो. जोडी मोडेल, गाव बदलेल, किंवा काहीच होणार नाही. माझा एक सहकारी तैवानला होता. तो म्हणतो की बदलीच्या आदल्या रात्री बॅग भरावी की भरू नये, यातच अर्धी रात्र जायची.

खर्चाचं सांगतो. अमेरिकेतल्या मुलाला महिन्याला ५०० डॉलर भरावे लागतात, २०२० च्या मध्यापर्यंत ४०० होते. गंमत अशी की तोक्योला पाठवा नाहीतर ग्वाटेमालाला, रक्कम तीच. सगळ्यांचे पैसे एका ठिकाणी जमा होतात आणि जिथे जेवढे लागतील तेवढे तिथे जातात. १९९० च्या आधी ज्याच्या नशिबी महागडा देश, त्याच्या बापाचं दिवाळं, असा कारभार होता. इथली पोरं शाळेत असल्यापासून गवत कापून, बर्गरच्या दुकानात राबून या पैशांची तजवीज करतात.

आणि आनंदाचं म्हणाल तर आमच्या सहकाऱ्यांना त्यातलं सगळ्यात जास्त काय आठवतं माहितीये? पी-डे. तयारीचा दिवस, बहुतेक ठिकाणी सोमवार. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कपडे धुणं, किराणा, केस कापणं, घरच्यांना ईमेल, उरलेल्या वेळात बास्केटबॉल. एक जण सांगत होता की आयुष्यात नंतर बरंच काही मिळालं, पण सोमवारी सकाळी टाय न बांधता बाहेर पडण्याची मजा परत आली नाही.

बर्फाळबाई

@युटाहवासी, मस्त माहिती. तरीच सोमवारी ही दोघं सुपरमार्केटात जीन्समध्ये दिसली आणि मी ओळखलंच नाही!

@पेठकर काका, आजींनी त्यांना पहिल्याच वर्षी सांगून टाकलंय की मी बौद्ध आहे आणि या वयात काही बदलायची नाही. बर्फ काढायला अजून येतात. तेव्हाची दोघं कधीच बदलून गेली. आता तिसरी की चौथी जोडी आहे. म्हणजे आजींचा पत्ता एक जोडी दुसरीच्या हवाली करून जाते.

तोक्योचा_तुकाराम

जपान म्हणजे मिशनरींसाठी खडकावरचं शेत. हे पहिल्यांदा आले १९०१ मध्ये, योकोहामाला. हेबर ग्रँट म्हणून त्यांचे एक बडे नेते, बरोबर तिघं. त्यातला अल्मा टेलर अवघा १९ वर्षांचा. ग्रँट दोन वर्षांत परत गेले, हाती जवळजवळ काहीच लागलं नाही. टेलर मात्र १९१० पर्यंत राहिला, भाषा शिकला आणि त्यांच्या धर्मग्रंथाचं जपानी भाषांतर पुरं केलं, ते १९०९ ला छापून आलं. एवढं करून १९२४ ला जपानचं मिशन बंदच केलं. तेव्हा चर्चचे अध्यक्ष कोण, तर तेच ग्रँट. त्या सगळ्या २३ वर्षांत बाप्तिस्मा घेतलेले जपानी दोनशेही नाहीत.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ मध्ये पुन्हा सुरू झालं. आता नोंदीवर सव्वा लाखाच्या वर नावं आहेत, तुमच्या साप्पोरोत २०१६ पासून मंदिरही आहे. पण आजही रोजच्या रोज दारोदार फिरणाऱ्या पोराला हाती काही लागेल याची खात्री नाही. मला वाटतं ताईंच्या प्रश्नाचं उत्तर याच्यातच आहे. जिथे निकालावर आनंद टांगता येत नाही, तिथे माणूस तो दुसरीकडे कुठेतरी टांगतो. बर्फात, भाषेत, आठवड्याच्या फुकट इंग्रजी वर्गात. त्या वर्गाला मी स्वतः डोकावलोय. शिकायला निवृत्त जपानी काका-काकू, शिकवायला १९ वर्षांचा पोरगा. काकू त्याचे जपानी उच्चार दुरुस्त करत होत्या. कोण कोणाला शिकवतंय काही कळत नव्हतं.

पेठकर

तुकारामबुवा, पटण्यासारखं लिहिलंत. पण मग इतक्या पोरांनी उमेदीची दोन वर्षं घालवायची कशाला? त्या वयात आम्ही अभियांत्रिकीचे बॅकलॉग काढत होतो.

साखरभात

काका, म्हणजे तुमचीही दोन वर्षं गेलीच ना :)

वानवडीची

बऱ्याच वर्षांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी. मी स्वतः मिशन केलंय. फिलिपिन्समध्ये, १८ महिने.

आधीच सांगते, मी पुण्याची, घरी मराठीच बोलतो, आणि आमचं घर आजोबांपासून ख्रिस्ती. बाबांच्या नोकरीमुळे बंगळुरात असताना आईबाबा या चर्चमध्ये आले. कोणी पैसे दिले नाहीत, उलट आम्हीच उत्पन्नाचा दहावा हिस्सा देतो. पुढचे प्रश्न टळावेत म्हणून हे आधीच.

प्रशिक्षण मनिलाला झालं. तागालोग शिकायला सुरुवात तिथेच. मग लगुना प्रांत. सान पाब्लोच्या आसपास, सात तळ्यांचं शहर म्हणतात त्याला. सगळीकडे नारळ, पाऊस आणि कुत्री. पहिला महिना मी रोज रात्री मच्छरदाणीत रडायचे, हे खोटं कशाला सांगू. भाषा येत नाही, जेवणात सकाळी भात, दुपारी भात, संध्याकाळी भात, आणि सुकवलेल्या माशाचा वास. माझी जोडीदारीण पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरची, माझ्या दुप्पट, आणि पहाटे साडेसहाला खणखणीत आवाजात भजन म्हणत दोरीवरच्या उड्या मारणारी.

आनंद एकदम नाही आला. पहिल्यांदा आला तो शेवग्याच्या पाल्यात. एका घरी जेवायला बोलावलं होतं. तिनोला, म्हणजे आलं घातलेला कोंबडीचा पातळ रस्सा. त्यात हिरवी पानं तरंगत होती. बघितलं तर शेवगा! ते मालुंगाय म्हणतात. अंगणातच झाड होतं. मी त्या बाईंना खाणाखुणांनी सांगितलं की आमच्याकडे याच्या शेंगा खातात, आमटीत घालतात. त्यांचा विश्वासच बसेना. पुढच्या आठवड्यात त्यांनी माझ्यासाठी कोवळ्या शेंगा काढून ठेवल्या, आणि मी त्यांच्या चुलीवर मूगडाळीत घालून आमटी केली. गोडा मसाला नाही, काही नाही, नुसती मिरची आणि मीठ. टोंगाच्या बयेने शेंग सालासकट चावली, मग तिला चोखायची कशी ते शिकवावं लागलं. त्या रात्री मी रडले नाही.

मग असल्याच गोष्टी दिसायला लागल्या. जीपनीत, म्हणजे तिथल्या लांबलचक जीपसारख्या प्रवासी गाडीत, मागे बसलं की भाडं पुढे पोचवायला अनोळखी हातांतून जातं. आपण 'बायाद पो' म्हणायचं आणि नाणी शेजारच्याच्या हातात द्यायची, सुटे पैसे तसेच हातोहात परत येतात. एक पेसो कमी आला नाही कधी. एका सारी-सारीवाल्या आजीचं, म्हणजे घराच्या खिडकीतून साबण-बिस्किटं विकणाऱ्या, आमच्या शिकवणुकीशी देणंघेणं नव्हतं. तिला डोळ्यांनी नीट दिसायचं नाही. आम्ही दिसलो की ती औषधांची पाकिटं पुढे करायची, कुठली सकाळची, कुठली रात्रीची ते वाचून दाखवायला. आम्ही पाकिटांवर सूर्य आणि चंद्र काढून दिले. माझं तागालोग सुधारलं ते तिच्याकडून. चर्चला ती एकदाही आली नाही.

@पेठकर काका, ती आजी आमच्या अहवालात कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. पण आम्ही तिच्याकडे थांबायचो.

जोडीदाराचं मात्र अवघड प्रकरण. चोवीस तास एका माणसाबरोबर. न्हाणीघर सोडलं तर एकांत नाही. माझं आणि तिचं भांडण व्हायचं ते धुण्यावरून. कपडे हातानेच धुवायचे, पलांगानात, म्हणजे मोठ्या घमेल्यात. ती साबणाचं पाणी रात्रभर तसंच ठेवायची आणि मला ते चालायचं नाही. आमच्यात एक पद्धत असते, आठवड्यातून एकदा दोघींनी समोरासमोर बसायचं आणि एकमेकींचं काय आवडलं, काय खटकलं ते बोलायचं. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. पण घमेल्याचं भांडण तिथेच मिटलं. आता लग्न झाल्यावर नवऱ्यासमोरही हीच पद्धत लावलीये, तो बिचारा पहिल्या वेळी घाबरला होता :)

कोकणकन्या

वानवडीची, किती छान लिहिलंस गं. सूर्य-चंद्राचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. अजून लिही. घरची आठवण आल्यावर काय करायचीस?

वानवडीची

@कोकणकन्या, घरची आठवण यायची ती वासाने. पावसात ओली माती आणि कुठेतरी कांदा परतल्याचा वास आला की संपलं. तेव्हा एकच उपाय, कोणाच्या तरी घरी जायचं आणि काम मागायचं. तांदूळ निवडा, मूल सांभाळा, काहीही. बसून राहिलं की वाढतं.

आणि मी नशीबवान. २०१९ च्या फेब्रुवारीपासून आम्हाला पी-डेला दर आठवड्याला घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करायची परवानगी मिळाली. त्याआधीच्या मुलांना वर्षातून दोनदाच आवाज ऐकायला मिळायचा, नाताळला आणि मदर्स डेला. मी गेले ती त्या नियमानंतर. आई दर आठवड्याला विचारायची, जेवलीस का, आणि मी म्हणायचे, भात.

अजातशत्रू_७१

गोड गोड चाललंय सगळं. मुद्दा धर्मांतराचा आहे, तो कोणी काढत नाही. बाहेरच्या देशात जाऊन तिथल्या लोकांना तुमचं चूक आमचं बरोबर सांगायचं, वर त्याला सेवा म्हणायचं. आपल्याकडे अहमदनगरला अमेरिकन मिशनने काय केलं ते विसरलात का?

कॅम्पकर

अजातशत्रू, अहमदनगरचं अमेरिकन मराठी मिशन वेगळं, ते प्रोटेस्टंट. ते १८१३ ला मुंबईत आले, १८४२ ला 'ज्ञानोदय' नियतकालिक काढलं. मॉर्मनांचा त्यांच्याशी संबंध नाही, उलट आपसात वाकडंच. एका पिशवीत घालू नका.

पण मॉर्मनांचं पुण्याशी नातं आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरला. मुंबईत इतर पाद्री आणि वर्तमानपत्रं त्याच्यामागे हात धुऊन लागली. तो पुण्याला आला आणि कॅम्पात, लष्करी लोकांमध्ये एक छोटी शाखा उभी केली. त्याच सुमारास कलकत्त्यातही काही जण आले होते. सॉल्ट लेकहून निघालेली तुकडी १८५३ ला तिथे पोचली. काही वर्षांत सगळा गाशा गुंडाळला. छावणीच्या अधिकाऱ्यांना नको होते, इथल्या लोकांना त्यांच्यात रस नव्हता, आणि गोरे शिपाई बदल्यांवर निघून जायचे. म्हणजे आजच्या साप्पोरोच्या पोरांचंच नशीब, फक्त बर्फाऐवजी पुण्याचं ऊन.

संपादक_मंडळ

धर्मांतर बरोबर की चूक यावर इथे आधीच तीन धागे आहेत, तिकडे बोला. या धाग्याचा विषय मिशनरींचं रोजचं जगणं आहे. विषयाबाहेरचे दोन प्रतिसाद काढले आहेत.

डॉ_अनु

मी समुपदेशक आहे, म्हणून या बाजूने थोडं. धागा वाचताना मला दोन्ही गोष्टी दिसताहेत, चांगल्या आणि काळजीच्याही.

चांगली अशी की त्यांच्या वेळापत्रकात, कळत की नकळत, मन ठीक ठेवणाऱ्या बऱ्याच गोष्टी बसलेल्या आहेत. ठरलेली झोप, रोजचा व्यायाम, रोज माणसांशी प्रत्यक्ष बोलणं, दुसऱ्यासाठी हातांनी काही करणं, रोजनिशी लिहिणं. नैराश्याच्या उपचारात आम्ही 'बिहेविअरल ॲक्टिव्हेशन' वापरतो. मूड यायची वाट बघायची नाही, ठरलेलं काम आधी करायचं, मूड त्याच्या मागून येतो. वानवडीचीने 'काम मागायचं' लिहिलंय ते हेच, कोणी न शिकवता.

काळजीची अशी की ही मुलं १८-१९ ची असतात, घरापासून लांब, आणि 'आनंदी दिसलंच पाहिजे' हे ओझं मोठं असतं. यश नाही मिळालं की 'माझी श्रद्धाच कमी पडली' असं वाटायला लागतं. सतत स्वतःला दोष देणाऱ्या स्वभावाच्या मुलांना हे फार जड जातं. चर्चलाही हे कळलंय. त्यांनी मिशनरींसाठी ताणावर एक पुस्तिका काढली आहे, तिच्यात ताणाचे हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे टप्पे केलेत आणि कुठल्या टप्प्यावर काय करायचं ते दिलंय. कोणी आपणहून असं काही काढलं की समजावं, गरज होती.

युटाहवासी

डॉक्टर, अगदी बरोबर बोललात. इथली दुसरी बाजू सांगतो. पूर्ण करून येणाऱ्यांचं विमानतळावर काय स्वागत असतं! फुगे, फलक, आज्या, अख्खं खानदान. सॉल्ट लेकचा नवा विमानतळ २०२० ला सुरू झाला, त्यात या भेटींसाठी म्हणून मोठी जागा ठेवलीये. पण जो तब्येतीमुळे किंवा मन थाऱ्यावर नसल्यामुळे सहा महिन्यांत परत येतो, त्याच्यासाठी फुगे नसतात. आईवडील कितीही समजूतदार असले तरी गल्ली विचारतेच, "अरे, इतक्यात कसा?" एका मित्राचा भाऊ असा आला होता. तो वर्षभर किराणा आणायला शेजारच्या गावात जायचा.

त्यामुळे सगळेच आनंदी असतात असं नाही. जे दिसतात ते टिकलेले. परत जायची तारीख जवळ आली की काहींचं मन घरीच पोचलेलं असतं, त्याला हे लोक 'ट्रंकी' झाला म्हणतात.

जेवणाचं एक राहिलंच. इथे चर्चच्या सभासदांच्या घरांमध्ये यादी फिरते, कोणत्या दिवशी मिशनरी कोणाकडे जेवणार. मी आजोबांकडून ऐकलंय, पुण्यात वार लावून जेवणारे विद्यार्थी असायचे, सोमवार जोशांकडे, मंगळवार गोखल्यांकडे. थेट तेच. आमचा वार महिन्यातून एकदा असतो, आम्ही त्यांच्या धर्माचे नसूनही. बायको पोळ्या करते आणि पोरं पीनट बटर लावून खातात. सांगून थकलो.

पेठकर

वार लावून आमचे वडील जेवले आहेत. तेव्हा यावर मी काही वाकडं बोलणार नाही.

वानवडीची, एक विचारतो, रागावू नका. चहा खरंच पीत नाही? पुण्याची मुलगी?

वानवडीची

काका, खरंच नाही. काळा, हिरवा, दोन्ही बंद, कॉफी बंद. लोकांना वाटायचं हिरवा चालत असेल, पण २०१९ मध्ये चर्चने स्पष्टच सांगितलं की तोही नाही. गवती चहा, आलं, पुदिना उकळून चालतं, चहापत्ती नको. आमच्या घरी पाहुणा आला की आई गवती चहा आणि आल्याचं आधण ठेवते, दूध-साखर घालते. नव्वद टक्के लोकांना पत्ती नाही हे कळतच नाही.

बर्फाळबाई

अगं! आजींचा आधी याच्यावरूनच घोळ व्हायचा. जपानी घरात पाहुण्यासमोर हिरवा चहा न ठेवणं म्हणजे अपमान, आणि ही पोरं पीत नाहीत. शेवटी मुगीचावर तडजोड झाली. भाजलेल्या सातूचं असतं ते पेय, उन्हाळ्यात जपानी लोक गार करून पितात. त्यात चहाची पानं नसतात म्हणून त्यांना चालतं. आता आजी भर जानेवारीत त्यांच्यासाठी मुगीचा गरम करून देतात आणि दरवेळी पुटपुटतात, "हे काय हिवाळ्याचं आहे का."

डॉक्टरांचं वाचल्यावर काल मी कागोशिमाच्या पोराला सरळच विचारलं, कधी वाईट वाटतं का रे. तो म्हणाला, वाटतं की. संध्याकाळी चार वाजता, अंधार पडतो तेव्हा. डिसेंबरात इथे चारलाच काळोख होतो आणि तीच लोकांच्या घरी जाण्याची वेळ. मग ती दोघं काय करतात, तर प्रत्येक बंद झालेल्या दारानंतर त्या घराबद्दल एक चांगली गोष्ट एकमेकांना सांगायची. कुंडीवर बर्फ पडू नये म्हणून घातलेली टोपी, दारातले लहान मुलांचे बूट, स्वयंपाकाचा वास, काहीही. आयडाहोचा म्हणे दरवेळी वासच सांगतो, कारण त्याला सदा भूक लागलेली असते.

आता मीही त्यांना वार लावायचा विचार करतेय. इथल्या प्रसिद्ध सूप करीची त्यांना आधीच सवय आहे, तेव्हा आपला तांबडा रस्सा झेपेल का?

कोकणकन्या

तिखट अर्धं कर आणि नारळाचं दूध घाल. जपानी पोरगं पहिल्या घासालाच बाद होईल नाहीतर.

साखरभात

आणि साखरभात कर. नावाला जागून सांगतेय.

पेठकर

विचार करतोय. मी निवृत्त, गुडघे ठीक आहेत, जपान बघायचंय. या लोकांत वयाची अट असते का हो? म्हणजे सहज आपलं.

वानवडीची

काका, ज्येष्ठांचंही मिशन असतं! निवृत्त जोडपी ६ महिन्यांपासून २३ महिन्यांपर्यंत जातात. त्यांना पोरांसारखं कडक वेळापत्रक नसतं, दारोदार फिरावं लागत नाही. कचेरीचं काम, मदतकार्य, पोरांची काळजी असलं बघतात. अट एवढीच की चर्चचे सभासद हवेत, आणि लग्न झालेला पुरुष एकटा जात नाही, सौ. बरोबर हव्यात.

पेठकर

सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुम्ही जा, मी चहा सोडणार नाही.

बर्फाळबाई

काका, सभासद न होताच या दोघंही. फेब्रुवारीत इथे हिमोत्सव असतो, मामासान डंप मी देते. आणि आमच्याकडे चहा पत्तीचाच असतो.